ठरलेल्या वेळेची ओढ

२८ मार्च २०२० रोजी दूरदर्शनने रामानंद सागरांची 'रामायण' मालिका पुन्हा दाखवायला घेतली, तेव्हा तिच्यात नवं असं काहीच नव्हतं. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी दिसलेली तीच दृश्यं, तेच मुकुट, हवेत एकमेकांवर आदळून विझणारे तेच बाण. मधल्या काळात या मालिकेच्या डीव्हीडी वर्षानुवर्षं दुकानांत होत्या. ज्याला पाहायची होती तो केव्हाही पाहू शकत होता आणि बहुतेकांनी पाहिली नाही. मग टाळेबंदीत ती सकाळी नऊ आणि रात्री नऊ अशा ठरलेल्या वेळी लागू लागली आणि १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शनने जाहीर केलं. जागतिक उच्चांकाचा तो दावा वादात सापडला, कारण अमेरिकेत १९८३ साली 'मॅश' या मालिकेचा शेवटचा भाग दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिल्याची नोंद आहे. उच्चांकाचं सोडून देऊ. या आकड्यातले अर्धे लोक वजा केले तरी एक प्रश्न उरतोच. फडताळात धूळ खात पडलेल्या मालिकेकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं आणि तीच वेळापत्रकात आल्यावर घरंच्या घरं समोर बसली. मग आठवण नेमकी कशाची येत होती?

जुने व्हिडिओ गेम, कॅसेटवरची गाणी, एकाच वाहिनीच्या काळातल्या मालिका यांच्याबद्दल चाहते ज्या ओढीने बोलतात, तिला मराठीत आपण स्मरणरंजन म्हणतो. शब्द सुरेख आहे, पण थोडा फसवा आहे. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझलमध्ये 'नॉस्टॅल्जिया' हा जो मूळ शब्द घडवला, त्यात 'परतणं' आणि 'वेदना' असे दोन ग्रीक शब्द जोडलेले होते. परदेशी चाकरीत असलेले स्विस लोक घराच्या आठवणीने खंगतात, तो हा आजार. मराठीने त्यातली वेदना काढून रंजन घातलं. पुढे जगभरच या शब्दाचा अर्थ जागेकडून काळाकडे सरकला. गावी परतता येतं, काळात परतता येत नाही, म्हणून दुखणं असाध्य ठरलं आणि असाध्य दुखण्याची माणसं करतात तशी याचीही थट्टा होऊ लागली. या ओढीची आजवर जी स्पष्टीकरणं दिली गेली आहेत ती तपासताना मला असं दिसतं, की चाहत्याला वस्तू हवी असते असं आपण धरून चालतो, इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. वस्तू तर आज हाताशी आहे, बहुतेकदा फुकट. हरवली आहे ती वस्तू ज्या अटींवर मिळायची ती व्यवस्था. ठरलेली वेळ, मोजकी निवड, एकच पडदा, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत किंवा कचेरीत भेटणाऱ्या प्रत्येकाने तेच पाहिलेलं असणार ही खात्री.

यावरचा पहिला आक्षेप मानसशास्त्राचा आहे आणि तो वजनदार आहे. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं, की माणसाला सर्वांत जास्त आवडणारी गाणी तो साधारण साडेतेवीस वर्षांचा असताना गाजलेली असतात. आत्मचरित्रात्मक स्मृतीवरच्या संशोधनातही पौगंडावस्था आणि ऐन तारुण्यातल्या आठवणींचा उंचवटा पुन्हापुन्हा दिसतो. म्हणजे प्रश्न मिटला म्हणायचा. प्रत्येक पिढीला आपलं तारुण्य गोड, बाकी सगळी सजावट. पण हे स्पष्टीकरण ओढ कोणत्या वयाची ते सांगतं, कशाची ते सांगत नाही. शिवाय जो काळ आपण जगलोच नाही त्याची ओढ त्यात बसत नाही. केट बुश या गायिकेचं १९८५ सालचं 'रनिंग अप दॅट हिल' हे गाणं 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत वापरलं गेलं आणि जून २०२२ मध्ये, तब्बल सदतीस वर्षांनी, ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. ते तिथे नेणाऱ्यांत गाणं आलं तेव्हा जन्मालाही न आलेली मुलं होती. गाणं तर आधीही एका बोटाच्या अंतरावर होतं. फरक पडला तो सगळ्यांनी ते एकाच आठवड्यात, एकाच प्रसंगाच्या संदर्भात ऐकल्यामुळे.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर ही व्यवस्था उभी राहिली २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई दूरदर्शन केंद्राच्या सुरुवातीपासून. वरळीच्या मनोऱ्यावरून निघणारं आणि सिंहगडावरून पुण्याला पोहोचणारं ते प्रक्षेपण संध्याकाळचे काही तास चालायचं. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'चिमणराव', 'आमची माती आमची माणसं' ही नावं आज भक्तिभावाने घेतली जातात, पण त्यातला शेतीविषयक कार्यक्रम शहरी घरांत भक्तिभावाने पाहिला जात होता असं समजण्याचं कारण नाही. तो पाहिला जायचा, कारण त्याच्यानंतर काहीतरी लागणार असायचं. पेरणीपूर्व मशागतीची माहिती शिवाजी पार्कातल्या मुलांच्या कानावर पडायची ती अशी. आवडीचं नसलेलं सहन करत आवडीच्याची वाट पाहणं हा त्या रचनेचा भाग होता आणि वाट पाहण्यातच निम्मी चव होती. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण आलं, १९८४ साली 'हम लोग' आली आणि वाट पाहणारा समूह मुंबई-पुण्यापुरता न राहता देशभराचा झाला. गंमत अशी, की ज्याला 'नव्वदचं दशक' म्हणून सर्वाधिक आळवलं जातं तो काळ या एकसंधपणाच्या मोडतोडीचा आहे. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाली, केबलवाला गच्चीवरून तारा टाकू लागला, ऑगस्ट १९९९ मध्ये अल्फा मराठी आली. वाहिन्या वाढल्या, पण घरात टीव्ही एकच राहिला. कोणती वाहिनी लावायची यावर भांडण व्हायचं आणि भांडण संपलं की सगळे पुन्हा एकच गोष्ट बघायचे. 'आभाळमाया' किंवा 'श्रीयुत गंगाधर टिपरे' यांच्या आठवणींत जो कुटुंबाचा वास येतो, त्याचं श्रेय लेखक-दिग्दर्शकांना आहेच, पण थोडं त्या दिवाणखान्यातल्या एकुलत्या एक संचालाही द्यायला हवं.

कोणी म्हणेल, हा टंचाईचा गौरव झाला. रेशनच्या रांगेत ओळखी व्हायच्या म्हणून रांग चांगली होती, असं म्हणण्यासारखंच हे. आणि ते कार्यक्रम खरोखरच चांगले नव्हते का? होते, काही निश्चित होते. शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' आज पाहिली तरी तिची नजर शिळी वाटत नाही. पण दर्जा हे कारण धरलं तर चाहत्यांच्या याद्यांमधल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा होत नाही. त्या याद्यांत 'मालगुडी डेज'च्या शेजारी वॉशिंग पावडरच्या जाहिराती असतात, बातम्यांआधीचं संगीत असतं, प्रक्षेपण खंडित झाल्यावर लागणारी 'व्यत्यय'ची पाटी असते. ती पाटी दर्जेदार होती असं तिचा परमभक्तही म्हणणार नाही. तरी ती आठवते, कारण ती सगळ्यांना एकाच क्षणी दिसली आणि त्या क्षणी सगळ्यांनी एकदमच हळहळ केली. टंचाई चांगली होती असं माझं म्हणणं नाही. सरकारी मक्तेदारी होती, बातम्यांवर अंकुश होता, कोणाला पडद्यावर यायला मिळेल हे मूठभर लोक ठरवत होते. मात्र त्या वाईट व्यवस्थेतून एक चांगलं उपफळ निघालं आणि व्यवस्था मोडताना ते उपफळही गेलं, हे मान्य करायला मक्तेदारीचे गोडवे गावे लागत नाहीत.

संगीताचा मामला जरा वेगळा आहे, कारण कॅसेटने वेळापत्रक मोडलं होतं. रेडिओवर गाणं लागेपर्यंत थांबावं लागायचं. अमीन सयानींची 'गीतमाला' १९५२ पासून रेडिओ सिलोनवर आठवड्याच्या ठरलेल्या वेळी लोकांना एकत्र बसवत होती. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली, एचएमव्हीची सद्दी संपली, टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी पानपट्टीपर्यंत कॅसेट पोहोचवली. पीटर मॅन्युएल यांच्या 'कॅसेट कल्चर' या १९९३ सालच्या पुस्तकात हे स्थित्यंतर सविस्तर आलं आहे. आता गाणं हवं तेव्हा ऐकता येत होतं. मग माझा मुद्दा इथे लागू पडतो का? पडतो, पण अटीची जागा बदलते. वेळेची अट गेली, क्रमाची राहिली. कॅसेट पुढेमागे करणं हा व्याप होता, त्यामुळे बाजू पहिलीपासून शेवटापर्यंत ऐकली जायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या मिलिंद इंगळे यांच्या 'गारवा'त सौमित्र यांचं काव्यवाचन आणि गाणी एकमेकांच्या हातात हात घालून येतात. आज मोबाइलवर त्यातलं एखादं गाणं यादीत सुटं लागतं तेव्हा ते, माळेतून गळलेल्या मण्यासारखं, कुठून आलं ते कळत नाही. सारेगामाने २०१७ साली 'कारवाँ' हे यंत्र काढलं. जुन्या रेडिओचा घाट, आत पाच हजार गाणी आधीच भरलेली, वर एक फिरवायची खुंटी. तीच गाणी त्याहून स्वस्तात किंवा फुकट मिळत असताना लोकांनी ते आईवडिलांसाठी हौसेने घेतलं. त्यांनी पैसे मोजले ते गाण्यांसाठी नव्हे, निवडीच्या कटकटीतून सुटका व्हावी म्हणून. पुढचं गाणं कोणतं लागेल हे आपल्या हातात नसण्यात एक विसावा असतो.

इथे सर्वांत टोकदार आक्षेप समोर येतो. हे सगळं स्मरणरंजन आहे कोणाचं? २००१च्या जनगणनेत देशातल्या ३१.६ टक्के घरांतच टीव्ही होता. 'सगळ्यांनी पाहिलं' या वाक्यातले 'सगळे' म्हणजे ज्यांच्या घरी संच होता ते, आणि खिडकीतून किंवा दारात उभं राहून पाहणारे. दाराच्या आत कोणाला बसवायचं आणि बाहेर कोणाला ठेवायचं याचा निर्णय जात आणि वर्ग करत होते, हे त्या गोड आठवणींत सहसा येत नाही. संगीताचंही तेच. नव्वदच्या दशकातल्या गाण्यांच्या आठवणी निघाल्या की लकी अली, अलिशा चिनॉय, 'कलोनियल कझिन्स' ही नावं येतात. पण कॅसेटच्या क्रांतीचा महाराष्ट्रातला खरा चेहरा प्रल्हाद शिंदे आणि आनंद शिंदे यांचा होता. विठ्ठलाची भक्तिगीतं, भीमगीतं, 'नवीन पोपट हा'सारखी लोकगीतं गल्लोगल्ली वाजली ती याच कॅसेटमुळे. आक्षेप खरा आहे आणि त्याने याद्यांचं हसं होतं हेही खरं. तरी त्यातून मला एक गोष्ट दिसते. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं किंवा वामनदादा कर्डकांच्या रचना स्मरणरंजनाच्या याद्यांत नाहीत याचं एक कारण अभिजनांचा विसराळूपणा हे असेलच, पण दुसरं असं, की ती गाणी कुठे गेलेलीच नाहीत. १४ एप्रिलला ती वाजतात, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर वाजतात, आषाढीला देवळाच्या कर्ण्यावरून वाजतात. त्यांना तारीख आहे, जागा आहे, एकत्र ऐकणारा समुदाय आहे. ज्या गाण्याची वेळ ठरलेली आहे त्याची हुरहुर लागत नाही, ते नुसतं ऐकलं जातं. मध्यमवर्गाचं पॉप संगीत असं कुठल्याच दिवसाशी बांधलेलं नव्हतं, म्हणून ते वाहून गेलं आणि आठवणींत अडकलं.

व्हिडिओ गेमकडे वळलं की वस्तूवादी स्पष्टीकरणाची पुरतीच दमछाक होते. निन्टेन्डोचं फॅमिकॉम हे यंत्र जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलं. आपल्याकडच्या बहुसंख्य मुलांनी ते कधी पाहिलंच नाही. त्यांनी पाहिली ती त्याची नक्कल, 'मीडिया', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नावांची. रशियातही अशीच नक्कल 'डेंडी' या नावाने घराघरांत गेली. सोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेलं '९९९९९९९ इन १'. आत प्रत्यक्षात मूठभर खेळ, तेच नाव बदलून किंवा वेगळ्या टप्प्यापासून सुरू करून पुन्हापुन्हा यादीत घातलेले. जाहिरातीच्या इतिहासात एवढं मोठं खोटं एवढ्या निरागसपणे क्वचितच बोललं गेलं असेल. मुलांना ते आठवड्याभरात कळायचं आणि त्याचा राग येत नसे. 'मारिओ', 'कॉन्ट्रा', 'बॅटल सिटी', 'रोड फायटर' एवढ्यावर सुट्ट्या निघाल्या. 'बॅटल सिटी' हे नावच अनेकांना माहीत नव्हतं, तो 'रणगाड्यांचा गेम' होता. यंत्र चाललं नाही तर कॅसेट काढून फुंकायची आणि पुन्हा लावायची. वास्तविक फुंकण्याने काही होत नाही, उलट श्वासातल्या दमटपणाने धातू खराब होतो. गुण यायचा तो काढून पुन्हा बसवण्याचा. तरी हा मंत्रोपचार मुंबईपासून मॉस्कोपर्यंत प्रत्येक पोराने आपापल्या अकलेने शोधून काढला. आता विचार करा. नक्कल यंत्र, चोरीचे खेळ, खोटी यादी, चुकीचा उपचार. वस्तू म्हणून यात आठवण्यासारखं काय आहे? दोन तारांनी बांधलेले दोन कंट्रोलर आहेत. एक टीव्ही आहे, तोही बातम्या लागेपर्यंत. आपली लाइफ संपली की दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि तो हरेपर्यंत शेजारी बसून त्याला नको ते सल्ले द्यायचे. 'कॉन्ट्रा'मध्ये तीस लाइफ मिळवून देणारा बटणांचा तो क्रम छापील पुस्तिकेतून कोणालाच मिळाला नाही, कारण पुस्तिका नव्हतीच. तो तोंडी परंपरेने, एखाद्या घराण्याच्या बंदिशीसारखा, थोरल्याकडून धाकट्याकडे आला. २०१६ साली निन्टेन्डोने तीस खेळ भरलेलं छोटं 'एनईएस क्लासिक' काढलं तेव्हा ते परदेशांत हातोहात खपलं. अस्सल, अधिकृत, चित्र स्वच्छ. आपल्या पिवळ्या कॅसेटवाल्यांना त्याने फारसा पाझर फुटला नाही. त्यांच्या आठवणीत ना कंपनी होती ना अस्सलपणा.

बाजाराने ही ओढ पेटवली असा आक्षेप सायमन रेनॉल्ड्स यांच्या 'रेट्रोमेनिया' (२०११) या पुस्तकापासून जोरात आहे. पॉप संस्कृती स्वतःच्याच भूतकाळाची इतकी भक्त झाली आहे, की नवं काही घडेनासं झालं, असा त्यांचा सूर. अमेरिकेत २०२० मध्ये विनाइल तबकड्यांची उलाढाल सीडींच्या पुढे गेली, ऐंशीच्या दशकानंतर प्रथमच. बाजार नक्कीच जागा आहे. पण बाजार तबकडी विकू शकतो, रविवार सकाळ विकू शकत नाही, आणि ते त्यालाही उमगलं आहे असं दिसतं. सगळे भाग एकदम ओतणाऱ्या काही कंपन्या आता दर आठवड्याला एक भाग या जुन्या रीतीकडे वळल्या. क्रिकेटही तेच सांगतं. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी मिळून पाहण्याची सवय तिथे अजून टिकून आहे. म्हणून जुन्या सामन्यांच्या आठवणी निघाल्या तरी त्यांत सचिन हरवल्याची खंत असते, एकत्र पाहणं हरवल्याची नसते. ते पुढच्या सामन्याला पुन्हा होणारच असतं.

आता माझ्याच मुद्द्याला बोचणारी गोष्ट. सगळ्यांनी एकाच वेळी एकाच गोष्टीकडे पाहणं ही निरुपद्रवी क्रिया नाही. अरविंद राजगोपाल यांनी 'पॉलिटिक्स आफ्टर टेलिव्हिजन'मध्ये दाखवलं आहे, की 'रामायण' मालिकेने घडवलेला देशव्यापी प्रेक्षक आणि त्यानंतरचं अयोध्येचं राजकारण यांचा संबंध नाकारता येत नाही. ज्या नव्वदच्या दशकाला आपण निरागस म्हणतो, त्याच्या सुरुवातीला मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगली आहेत, मार्चमधले बॉम्बस्फोट आहेत. अभ्यासक स्वेतलाना बॉयम यांनी या ओढीचे दोन प्रकार केले. एक हरवलेलं घर जसंच्या तसं पुन्हा बांधायला निघतो, दुसरा पडक्या भिंतींत रेंगाळतो. पहिला धोकादायक, कारण त्याला घरात कोण नको हेही आठवतं. एकत्र पाहण्याची ओढ कोणत्या बाजूला झुकेल हे आधी सांगता येत नाही. मात्र गेमची कॅसेट फुंकणाऱ्यांची आणि 'व्यत्यय'ची पाटी आठवणाऱ्यांची ओढ बहुतांशी दुसऱ्या जातीची आहे असं मला वाटतं. कारण त्यांना आठवतं ते बिघाडासकट. पुनर्बांधणी करणारा बिघाड गाळतो.

हा बिघाडासकट आठवण्याचा गुण जतनाच्या प्रश्नात एकदम मोलाचा ठरतो. टेपा महाग होत्या म्हणून दूरदर्शनवर जुन्या कार्यक्रमांवरच नवे मुद्रित केले गेले आणि बरंच काही कायमचं गेलं. बीबीसीसारख्या संस्थेनेही 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठच्या दशकातले अनेक भाग असेच पुसले. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. म्हणजे पिवळ्या कॅसेटसारख्या चोरट्या प्रतींनी जे वाचलं ते अधिकृत गोदामांत वाचलं नाही. कायद्याने हे गैर आहे आणि जे गैर आहे त्याचं समर्थन मी करत नाही, पण इतिहासकाराला चोराच्या घरी जावं लागतं हेही खरं. 'डॉक्टर हू'च्या पुसलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आज ऐकता येतो. त्या काळच्या चाहत्यांनी टीव्हीशेजारी ध्वनिमुद्रक ठेवून तो घरी टिपून ठेवला होता. आपल्याकडेही व्हीसीआर आल्यावर हौशी घरांनी मालिका टेपवर घेतल्या. अधिकृत डीव्हीडीत भाग सुरू होतो आणि भाग संपतो. घरच्या टेपेवर आधी निवेदिका दिसते, मध्ये साबणाची जाहिरात येते, एखाद्या ठिकाणी चित्र हलतं, भाग संपल्यावर कोणी बटण दाबायला विसरलेलं असतं आणि उद्याच्या हवामानाचा अंदाज सुरू होतो.